नागपूरहून गोथिया कप: नवखा संघ नेणाऱ्यांसाठी

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७५ पासून जुलैत गोथिया कप ही मुलामुलींची फुटबॉल स्पर्धा भरते. यंदा मुलांना नेऊन आणल्यावर, पुढच्या संघासाठी हे लिहून ठेवतो आहोत. परदेशात पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी ही स्पर्धा चांगली, कारण एक सामना हरला की गाशा गुंडाळावा लागत नाही. गटातले पहिले दोन संघ 'अ' बाद फेरीत जातात, उरलेले 'ब' मध्ये. आपल्या पोरांच्या बरोबरीच्या लढती बहुधा 'ब' मध्येच होतात, तेव्हा गटातच सगळ्यांचा दम काढू नका.

कागदपत्रांचं काम मार्चमध्येच हातात घ्या. शेंगेन व्हिसाचा (स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामार असते. बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागतं, म्हणजे तोही एक प्रवासच. दोन्ही पालकांचं संमतिपत्र, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, परतीनंतर निदान तीन महिने चालेल असा पासपोर्ट हवा. वडिलांचं नाव जन्मदाखल्यावर एका तऱ्हेनं आणि पासपोर्टवर दुसऱ्या, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. ती आधी शोधा.

आता मैदान. आपली मुलं मुरमाच्या, कडक जमिनीवर वाढतात. तिथे चेंडू उसळतो आणि लवकर मंदावतो. गोथेनबर्गला बरेच सामने कृत्रिम गवतावर होतात, आणि पाऊस पडून गेला की त्यावर चेंडू घसरत सुटतो. खेळाडूच्या पुढे टाकलेला पास थेट समोरच्या गोलकीपरकडे जातो. म्हणून पास पायातच द्यायला शिकवा, आणि पहिला स्पर्श पायापासून फार तर हातभर. नागपुरात तासावर मिळणारे टर्फ लहान असतात, तरी जूनअखेर पाऊस सुरू झाल्यावर ते ओले असतानाच सराव घ्या. गोलकीपरला नुसते हात पुढे करून नव्हे, तर गुडघा आडवा टाकून, अंग चेंडूमागे आणून खालचा चेंडू धरायला लावा. ओल्या गवतावर हातातून निसटलेला चेंडू थेट गोलमध्ये जातो.

बूट लांब खिळ्यांचे नकोत. ते कृत्रिम गवतात अडकतात आणि गुडघा पिरगळतो. आखूड, भरपूर खिळ्यांचे घ्या आणि निघण्याआधी तीन आठवडे वापरा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी टाचांना फोड येतात. घसरून टॅकल करणाऱ्यांची मांडी सोलवटते. त्यांना उभ्यानेच चेंडू काढायला सांगा.

नवख्या संघाचे सामने थ्रो-इनवर (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकताना) हातचे जातात, हे कुणी फारसं मोजत नाही. आपल्या अर्ध्यात घेतलेला थ्रो समोरच्याला मिळाला की तिथेच हल्ला सुरू होतो. दोनच पद्धती घोटून घ्या: एक रेषेलगत पुढे, दुसरी फेकणाऱ्याकडेच परत. रेषेबाहेरून भाषणं देऊ नका. 'मॅन' (समोरचा अंगावर येतोय), 'टाइम' (वेळ आहे), 'टर्न' (वळ) हे तीन शब्द मुलांना आधीच कळतात, तेवढे पुरे. पहिल्या दहा मिनिटांत बचावफळी स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये घुसून बसते. भीतीनं तसं होतं. तिला मध्यरेषेकडे ओढत राहा. बदलांची वेळ सामन्याआधीच कागदावर लिहा. गोल पडू लागले की कोण किती खेळला याचं भान प्रशिक्षकालाही राहत नाही, आणि बाकावरचं पोर विसरलं जातं. ते होऊ देऊ नका.

काळा दोरा, गंडा, कानातलं, सगळं काढावं लागतं. वरून चिकटपट्टी लावलेलीही नियमात चालत नाही. याविषयी पालकांशी नागपुरातच बोला. मैदानावर दोरा कापायची वेळ आली की मूल बिथरतं.

तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. मुलं पहिले दोन दिवस पहाटे तीनला उठतात, आणि रात्री दहापर्यंत उजेड असल्यानं झोपत नाहीत. डोळ्यांवरच्या पट्ट्या न्याच. मुक्काम बहुधा शाळेच्या वर्गांत असतो, गादी मिळणार की आणायची हे नोंदणीच्या वेळीच विचारा. नागपूरच्या उन्हात तापलेल्या मुलांना तिथल्या थंडाव्यात वीस मिनिटं तरी वॉर्म-अप लागतो, आणि तहान लागत नाही म्हणून ती पाणी पीत नाहीत. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं, बाटल्या भरून ठेवा.

खाऊत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, चिक्की न्या. तूप, खवा, पेढे, मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, ताजी फळंही बहुतेक अडवतात. रोख रकमेचा उपयोग कमीच, दोन कार्डं दोन वेगळ्या मोठ्यांकडे ठेवा. ट्राममध्ये चढताना एक प्रशिक्षक सगळ्यात आधी, दुसरा सगळ्यात शेवटी. प्रत्येक मुलाच्या खिशात मुक्कामाच्या शाळेचा पत्ता, प्रशिक्षकाचा नंबर आणि तातडीचा ११२ लिहिलेली चिठ्ठी हवी. विम्याच्या कागदाची प्रत मैदानावरच्या पिशवीत ठेवा, मुक्कामावर नको.