एक्स्प्लोरर 9 : गोळा तयार, ठिपके बाकी

एक्स्प्लोरर 9 या अमेरिकी फुगा-उपग्रहाचं मॉडेल करतोय, त्याच्या गोळ्यावर फॉइल चढवून झाली. मूळ उपग्रहाचा व्यास 3.66 मीटर, माझ्या ॲक्रिलिकच्या गोळ्याचा 15 सेंटीमीटर. म्हणजे प्रमाण साधारण 1:24.

16 फेब्रुवारी 1961 रोजी अमेरिकेतल्या वॉलॉप्स बेटावरून स्काउट रॉकेटने हा फुगा घडी घालून वर नेला आणि कक्षेत गेल्यावर तो फुगवला. फक्त घन इंधनाच्या रॉकेटने कक्षेत पोचवलेला हा पहिला उपग्रह. पण मला तो आवडतो वेगळ्याच कारणासाठी. हवेची घनता मोजायला त्यात एकही उपकरण नव्हतं. आकार अवाढव्य आणि वजन जेमतेम 7 किलो, त्यामुळे वरची अतिविरळ हवासुद्धा त्याला जाणवेल इतकी अडवायची. कक्षा आकसली की प्रदक्षिणेचा वेळ घटतो. किती घटला त्यावरून घनता काढायची. त्याचा रेडिओ बीकन (माग काढण्यासाठी संकेत पाठवणारं यंत्र) लगेच बंद पडला, तरी काम अडलं नाही. उपग्रहांचे फोटो टिपणाऱ्या बेकर-नन कॅमेऱ्यांनी त्याचा माग ठेवला (या जाळ्यातला एक कॅमेरा आपल्या नैनितालला होता!) आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ लुइजी याकिया यांनी त्या नोंदींवरून, सूर्य खवळला की वरची हवा कशी दाट होते, ते मांडलं.

म्हणजे फुगा स्वतःच उपकरण होता, म्हणून या मॉडेलमध्ये पृष्ठभाग चोख हवाच. फॉइलच्या 24 पट्ट्या कापल्या, मध्यावर जेमतेम 2 सेंटीमीटर रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या. पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर बसवून, वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने मध्यापासून टोकांकडे घासत गेलं की सुरकुत्या कडेला सरकतात. विषुववृत्तावर फॉइलची बारीक फट सोडली आहे. मूळ फुग्याचे दोन अर्धगोल तसेच विलग होते आणि तेच अँटेनाचं काम करणार होते. ही फट बहुतेक मॉडेलांत दिसत नाही, आणि ते मला खटकतं.

आता पांढरे ठिपके. तापमान आटोक्यात ठेवायला मूळ फुग्यावर 5.1 सेंटीमीटरचे रंगाचे ठिपके होते. आपल्या मापात 2 मिलिमीटर. चामड्याच्या कामाचा 2 मिलिमीटरचा पंच मिळाला, त्याने पांढऱ्या व्हिनाइलचे ठिपके सुबक निघतात. रंगापेक्षा हेच बरं, कडा फुटत नाही. ध्रुवांकडे दर ओळीत ठिपके कमी करत जायचे, नाहीतर तिथे गर्दी दिसेल. आधी अर्ध्या गोळ्यावर पेन्सिलीने ओळी आखतोय.