हात वर होता

गोलरेषेवर आम्ही अकराच्या अकरा जण खांद्याला खांदा लावून उभे होतो. समोर जेमतेम सहा यार्डांवर चेंडू, त्याच्यामागे त्यांचे तिघे आणि थोडं बाजूला रेफ्री. रेफ्रींचा उजवा हात सरळ वर. मी चेंडूकडे बघतच नव्हतो. माझं लक्ष त्या हाताकडे होतं.

निमंत्रित आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेची ती सेमीफायनल होती. यजमान कॉलेजविरुद्ध १-१ बरोबरी, शेवटची सात मिनिटं. मी कॅप्टन, आणि मूळ चूक माझीच. अंगावर दोघं आल्यावर मी गोलकीपरला पायाने बॅकपास दिला आणि त्याने घाईत तो हातात उचलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घेतला की इनडायरेक्ट फ्रीकिक. गोल एरियात घडलं तर चेंडू त्या एरियाच्या पुढच्या रेषेवर ठेवायचा, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटर. एरवी बचाव करणाऱ्यांना ९.१५ मीटर लांब राहावं लागतं, पण फ्रीकिक इतकी जवळ असली की दोन खांबांमध्ये गोलरेषेवर उभं राहता येतं. रेफ्रींनी हात वर धरायचा तो चेंडू दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत. कुणालाच न लागता थेट गोलात गेला तर गोल नाही, उलट आपल्याला गोलकिक.

सरांनी हे सरावात आमच्याकडून घोटून घेतलं होतं. "हात वर असला आणि चेंडू थेट आला तर अंगाला लागू देऊ नका. जाऊ दे आत."

त्यांच्या नऊ नंबरने थेटच मारला. "सोड!" मी ओरडलो. गोलकीपरने दोन्ही हात छातीशी घेतले. माझ्या डावीकडच्या लेफ्ट बॅकने अंग चोरलं आणि चेंडू आमच्या दोघांच्या मधून जाळ्यात गेला. गोलकीपर तो गोलकिकला ठेवायला वाकला आणि शिट्टी वाजली. रेफ्रींचा हात आता मध्यरेषेकडे होता. गोल.

त्यानंतरची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. आम्ही रेफ्रींना घेरलं, मला पिवळं कार्ड मिळालं, बाहेरून आमची पोरं मैदानात घुसायला निघाली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पेठेतल्या मॅच बघत मी वाढलोय. गर्दी आत उतरली की रेफ्रींची चूक बाजूला राहते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते ती हुल्लडबाजीची. सरांनी माझी जर्सी मागून धरली आणि म्हणाले, "मॅच पुरी करा. एकानंबी तोंड उघडायचं नाही. आपण लिहून देऊ." आम्ही २-१ हरलो.

स्पर्धेच्या नियमांचा झेरॉक्स कागद सरांच्या पिशवीत होता. त्यात एक कलम, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' त्याखाली दुसरं कलम, जे मी कधी वाचलंच नव्हतं. नियमाच्या वापराबाबत हरकत असल्यास सामना संपल्यापासून एका तासात, संघ व्यवस्थापकाच्या सहीने, ५०० रुपये भरून लेखी द्यावी. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कोरे कागद आणले आणि चहाच्या गाड्याजवळच्या बाकड्यावर मी लिहायला बसलो. पहिला कागद असा सुरू झाला: 'सदर पंचांनी यजमान संघाला झुकते माप देऊन जाणूनबुजून...' सरांनी तिथेच पेन थांबवलं.

"जाणूनबुजून हे तुला दिसलं काय?"

"सर, पण..."

"तुला हात दिसला. तेवढंच लिही."

दुसऱ्या कागदावर चारच वाक्यं उरली. इनडायरेक्ट फ्रीकिक दिली गेली. किक मारताना रेफ्रींचा हात वर होता. चेंडू दुसऱ्या खेळाडूला न लागता गोलात गेला. नियमाप्रमाणे गोलकिक मिळायला हवी होती. आजही वाटतं की रागाने भरलेल्या पहिल्या कागदापेक्षा हा कागद जड होता.

संयोजकांच्या टेबलावर तो घेईनात. "पंचांचा निर्णय अंतिम असतो, सर. तुम्हीच पोरांना समजावा." सर आवाज न चढवता म्हणाले, "घ्यायचा नसेल तर 'स्वीकारला नाही' एवढं लिहून सही करा." दहा मिनिटांनी शिक्का मारलेली पोच आमच्या हातात आली. पन्नास मिनिटं होऊन गेली होती.

परत येताना खासबागच्या कुस्ती मैदानासमोर सरांनी गाडी थांबवली. मी गप्प होतो. ते म्हणाले, "खाशाबांनीसुद्धा अर्जच केला होता." खाशाबा जाधव आपल्याच राजाराम कॉलेजचे, १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलेले. त्या ऑलिंपिकआधी मद्रासच्या स्पर्धेत गुण देताना आपल्याला डावललं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. पदकाची गोष्ट मला पाठ होती. अर्जाचं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फायनल आमच्याविना झालीच. सुनावणी आठ दिवसांनी ठेवली. मधल्या रात्रींत मी नियम वाचून काढले. खेळात काय घडलं याबद्दल, म्हणजे चेंडू लागला की नाही, रेषा ओलांडली की नाही, यावर रेफ्रींचा निर्णय अंतिम. ते योग्यच आहे, नाहीतर एकही मॅच संपायची नाही. पण घडलेल्या गोष्टीला भलताच नियम लावला तर ते प्रकरण वेगळं. सप्टेंबर २००५मध्ये ताश्कंदला वर्ल्ड कपची पात्रता मॅच झाली, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. पेनल्टी मारताना उझबेकिस्तानचाच एक खेळाडू आधी आत घुसला आणि गोल झाला. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायची होती, रेफ्रींनी बहरीनला फ्रीकिक दिली. १-० जिंकूनही उझबेकिस्तानने हरकत घेतली. फिफाने ती मॅच पुन्हा खेळवली. ती १-१ सुटली, पुढची ०-० झाली आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलमुळे बहरीन पुढे गेलं. म्हणजे दाद मागणारेच बाद झाले. तरी मला त्यात बळ मिळालं. खुद्द फिफाने मानलं होतं की रेफ्रींच्या सगळ्याच चुका 'अंतिम' या शब्दाखाली झाकता येत नाहीत.

सुनावणीला समितीचे तिघे होते. आमच्या एका पोराच्या भावाने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ आधी नको म्हणाले, मग तिघांनीही पाहिला. हात वर स्पष्ट दिसत होता. अध्यक्षांनी विचारलं, "पण चेंडू तुमच्या कुणाला लागला असं पंचांना वाटलं असेल तर?"

तिथेच सगळं अडलं होतं. त्यांना चेंडू लागल्यासारखा दिसला असेल तर ती नजरेची बाब, निर्णय अंतिम. इनडायरेक्ट आहे हेच ते विसरले असतील तर नियमाची चूक. आणि यातलं काय, हे जगात एकच माणूस सांगू शकत होता. मी म्हणालो, "सर, त्यांच्या अहवालात काय लिहिलंय?"

अहवाल नव्हताच. गुणपत्रकावर गोल, मिनिटं, कार्डं एवढंच. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. मग दुसऱ्या एका सदस्यांनी हळूच सांगितलं की त्या दिवशी सकाळी साडेसातपासूनची ती रेफ्रींची चौथी मॅच होती आणि लाइनवर यजमान कॉलेजची फर्स्ट इयरची दोन मुलं झेंडा घेऊन उभी होती, कारण दोन लाइन्समनांचं मानधन वाचवायचं होतं. मी आठ दिवस ज्या माणसावर जळत होतो, तो उन्हात एकटा पळत होता. माझा राग गेला नाही, पण त्याची जागा बदलली. एका माणसाला चार मॅच देणारे, लाइन्समन न देणारे आणि नंतर 'निर्णय अंतिम' म्हणून कागद नाकारणारे, ते टेबलामागे बसले होते. मी ते तसंच बोललो. कुणी उत्तर दिलं नाही, पण रेफ्रींकडून लेखी मागवायचं ठरलं.

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. त्यातल्या तीन ओळी मला पाठ आहेत. 'फ्रीकिक इनडायरेक्ट होती, याची मला जाणीव होती. चेंडू भिंतीतील डावीकडच्या खेळाडूच्या मांडीला घासून गेला, असे मला माझ्या जागेवरून दिसले. चेंडूची रेषा मोकळी दिसण्यासाठी मी आणखी बाजूला उभे राहायला हवे होते.' हरकत फेटाळली. ५०० रुपये गेले.

मी पत्र घेऊन लेफ्ट बॅककडे गेलो. त्याने दोनदा वाचलं. "भावा, खरं सांगू? मी डोळे मिटले होते. लागला असंल तर कळलं नाही." व्हिडिओत नेमका त्या क्षणी त्याच्या पुढे त्यांचा नऊ नंबर येतो. मी तो कितीतरी वेळा थांबवून पाहिलाय.

या फेब्रुवारीत आमच्या कॉलेजने आठ संघांची स्पर्धा घेतली. सरांनी एक पानाचा फॉर्म केला आणि त्याचे रकाने मी आखले. दिवसाला एका रेफ्रींना दोनच मॅच, लाइनवर दोघंही तिसऱ्या कॉलेजचे, आणि मैदान सोडण्याआधी वादाच्या निर्णयाचं कारण लिहायचं. पहिल्याच मॅचच्या रेफ्रींनी लिहिलं: '५२वे मिनिट. पेनल्टी दिली नाही. मध्ये दोन खेळाडू होते, मला संपर्क दिसला नाही.' हरलेल्या संघाचा कॅप्टन फणफणत टेबलाशी आला होता. त्याने कागद उभ्यानेच वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि आपल्या पोरांना दाखवायला घेऊन गेला.