नाशिक ते लंडन : आसनगावला अडलेली रात्र

२०२४ च्या जुलैमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे लंडनला गेलो. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि ते विमानाने ९ तास ४० मिनिटांत कापले. आमच्या घरापासून मुंबईचे विमानतळ जेमतेम १७० किलोमीटर. तिथे पोहोचायला मात्र साडेसहा तास लागले. दोन वर्षे होत आली, तरी हा हिशेब मांडताना माझा संताप कमी होत नाही.

विमान पहाटे सव्वापाचचे होते. एरवी चार तासांचा रस्ता, म्हणून रात्री साडेनऊला निघालो. पावसातही कसारा घाट सुखरूप उतरलो आणि आसनगावच्या अलीकडे गाडी जी थांबली, ती अडीच तास जागची हलेना. पुढे-मागे कंटेनरच कंटेनर, रस्त्यात गुडघाभर खड्डे आणि त्यांत साचलेले पाणी. माझ्या मांडीवर जुन्या नऊवारीची शिवलेली गोधडी होती. बॅगेत दाबली जाऊ नये म्हणून ती हातातच घेतली होती. मी अंधारात तिच्या टाक्यांवरून बोट फिरवत एकेक ओळ मोजत होते आणि हे दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. सव्वाचारला काउंटर बंद होणार होते. आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. ओझरचे विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर असताना, लंडनचे थेट विमान तिथून नाही म्हणून नाशिककराने ही परीक्षा द्यावी, हे मला मुळीच पटत नाही.

विमानात मात्र जीव शांत झाला. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात आमची वाट उत्तरेकडे फुगलेली दिसत होती. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर, बसतो आणि तेच सर्वांत कमी अंतर असते. सपाट कागदावर तीच रेघ वाकडी वाटते, हे मी कितीतरी मुलांना दाखवले, पण त्या दोऱ्यावरून स्वतः जाण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात दुपारचे तीन वाजत आले होते आणि तिथे सकाळचे साडेदहा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच.

पुढचे दोन महिने नातीला न्हाऊ-माखू घालण्यात गेले. लंडन पाहायचे राहिलेच.

परतीला तेवढेच अंतर ८ तास ४० मिनिटांत संपले, कारण त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतात आणि येताना ते विमानाच्या पाठीशी असतात. जाताना त्यांनाच छातीवर घ्यावे लागले होते. मुंबईत उतरल्यावर मात्र पुन्हा तोच रस्ता. पाच तासांनी मुलीचा फोन आला, "आई, घरी पोहोचलात ना?" आम्ही तेव्हा इगतपुरीही गाठली नव्हती.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, ही नाशिककरांसाठी फार मोठी गोष्ट आहे. नातीच्या पुढच्या वाढदिवसाला आम्ही त्याच वाटेने निघू. विमान पहाटेचे असले, तरी घरातून दुपारीच निघायचे, असे ह्यांनी आताच बजावून ठेवले आहे.