चेओ गातो तेव्हा

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे धुवायची लाँड्री आहे. दर रविवारी तिथे यंत्रांच्या घरघरीतून एक आवाज येतो, साल्सा गायक चेओ फेलिसियानोचा. मालकीणबाई पोर्तो रिको बेटावरच्या पोन्से शहरातल्या. चेओही तिथलाच, १९३५ सालचा. त्यांच्या लेखी तो घरचाच माणूस.

साल्सा म्हणजे नाच, एवढंच मला ठाऊक होतं. चेओचे बोलेरो ऐकले आणि मी बाकावर बसून राहिलो. बोलेरो म्हणजे संथ लयीतलं प्रेमाचं, बहुतेकदा विरहाचं गाणं, आपल्या भावगीताच्या जवळचं. चेओचा गळा भरदार, खर्जाकडे झुकणारा, पण जोर कुठेच नाही. ठोका पुढे जातो, हा किंचित मागे रेंगाळतो आणि मग शब्द अलगद ठेवतो. विनवण्या नाहीत, हुंदके नाहीत. मला स्पॅनिश जेमतेम कळतं, तरी कुणीतरी रात्री शेजारी बसून मन मोकळं करतंय असं वाटतं.

सतरा वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कला आला. १९५७ पासून ‘जो क्युबा’ नावाच्या वादकाच्या सेक्स्टेटमध्ये, म्हणजे सहा जणांच्या वाद्यवृंदात, गायला. तिथे ट्रम्पेटचा दणदणाट नव्हता, व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची किणकिण होती. एवढ्या मोकळ्या जागेत गळा लपवता येत नाही. पुढे हेरॉइनने त्याला धरलं. तो पोर्तो रिकोला परतला, व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, गाणं थांबलं.

१९७१ मध्ये 'चेओ' हा अल्बम आला. त्याला पुन्हा उभं करणारी गाणी लिहिली होती तीते कुरेत आलोन्सो यांनी, आणि हे गृहस्थ पोटापाण्यासाठी टपाल खात्यात नोकरी करायचे! त्यातलंच 'आनाकाओना', स्पॅनिशांनी फासावर चढवलेल्या, ताइनो या कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या राणीचं गाणं. भजनात टाळकरी ध्रुवपद धरून ठेवतात ना, तसा इथे कोरस एकच ओळ धरतो आणि चेओ तिच्याभोवती ऐनवेळी सुचेल ते गुंफत जातो. गाणं नाचरं आहे, पण मला त्यात बोलेरोचाच चेओ ऐकू येतो. केवढी घाई चाललेली असते भोवती, आणि हा शांत.

१७ एप्रिल २०१४ ला सान हुआनमध्ये मोटार अपघातात तो गेला. बाई त्याच्याबद्दल अजून वर्तमानकाळातच बोलतात.

माझे कपडे कधीच वाळलेले असतात. मी उठत नाही हे पाहून त्या न बोलता तेच गाणं पुन्हा लावतात.