आरशातली ती रेघ
आज शेवटी प्लास्टिक सर्जनना भेटून आले. मिनी टमी टकच, म्हणजे पोटाची सैल कातडी काढायची छोटी शस्त्रक्रियाच करायची, हे मनाशी ठरवूनच गेले होते. छोटा छेद, बेंबी जागच्या जागी, बरं व्हायलाही कमी दिवस.

डॉक्टरांनी आडवं झोपवून डोकं जरा उचलायला सांगितलं आणि माझीच बोटं पोटाच्या मधोमध ठेवली. दोन बोटं सहज आत रुतली. बाळंतपणांत पोटाचे उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत, तेही बेंबीच्या वरपर्यंत. इतकी वर्षं व्यायामात कमी पडतेय म्हणून मी स्वतःला बोल लावत होते! मिनीत मुख्यतः बेंबीखालची सैल कातडी निघते, माझं त्याने भागणार नाही. पूर्ण टमी टकमध्ये कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेतात, स्नायू टाके घालून जवळ आणतात, बेंबीसाठी ताणलेल्या कातडीत नवी जागा करतात. नुसत्या लायपोसक्शनने चरबी जाते, स्नायूंमधली फट तशीच राहते.

मग त्यांनी मार्करने व्रणाची रेघ काढली. आरशात ती बराच वेळ बघत राहिले. व्रण फिका होतो, पुसला जात नाही.

आणि साधारण ६ आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे धाकटीला कडेवर घेणं बंद. खरं सांगते, रेघेपेक्षा हेच जास्त लागलं.

पुढे आणखी मूल हवंय का, हेही त्यांनी विचारलं, कारण गरोदरपणात सगळं पुन्हा ताणलं जाऊ शकतं. आज रात्री नवऱ्याशी नीट बोलणार आहे. तारीख अजून घेतलेली नाही.