बाळाचा डोळा चुकवून निघू नका

सहा महिन्यांपर्यंत कुणाच्याही कडेवर हसत जाणारं बाळ आठव्या-नवव्या महिन्यात एकाएकी आईला चिकटून बसतं. ती स्वयंपाकघरात गेली तरी टाहो फोडतं. 'लाडावून ठेवलंय' असं म्हणणारे भेटतातच. पण खरं म्हणजे बाळाची समज वाढलेली असते. नजरेआड झालेलं माणूस कुठेतरी असतंच, हे त्याला आता उमगलेलं असतं. ते परत कधी येणार, हे मात्र कळत नसतं. हे रडणं बहुधा १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत ओसरतं.

या काळात सर्रास होणारी चूक म्हणजे बाळ खेळात रमलं की हळूच सटकणं. त्या दिवशी रडणं टळतं, पण खेळात गुंगलो की आपलं माणूस गायब होतं, एवढं बाळ शिकतं. मग ते खेळणं सोडून तुमच्यावर पहारा ठेवतं.

त्यापेक्षा सांभाळणाऱ्या व्यक्तीला अर्धा तास आधी बोलवा. तिने आल्या आल्या बाळाला उचलू नये. जमिनीवर बसावं, टक लावून बघू नये, एखादं खेळणं पुढे सरकवावं. बाळ तुमच्या मांडीवरून आधी तिला न्याहाळेल, मग तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. तुम्ही तिच्याशी मोकळेपणी बोलत असाल, तर त्याला धीर येतो. निघताना रोज तेच एक वाक्य, एक पापा आणि लगेच दार. रडू ऐकून दोनदा-तीनदा मागे फिरलात, तर निरोप लांबतो आणि रडणंही. झोपेची किंवा भुकेची वेळ शक्यतो टाळा.

सराव घरातच होतो. बुवाकुक हा त्यातला उत्तम खेळ! पुढे शेजारच्या खोलीत जा, तिथून बोलत राहा, दहा-वीस सेकंदांत परत या. मग वेळ हळूहळू वाढवा.

आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १२ ते १८ महिन्यांच्या मुलांच्या अभ्यासात आई बाहेर जाण्याचा प्रसंग जास्तीत जास्त तीन मिनिटांचा ठेवला होता. मूल किती रडलं, यापेक्षा आई परतल्यावर ते तिच्याकडे कसं आलं, कसं शांत झालं, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. म्हणून घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बाळालाच द्या. कधी ते तोंड फिरवतं, कधी चापट मारतं. ते मनाला लावून न घेता जवळ बसून राहा.

काही मुलं स्वभावतःच कमी रडतात, त्याची काळजी नको. मात्र वर्षाचं झाल्यावरही बाळ नावाने हाक मारली तरी वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा १५ महिन्यांपर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या.