मळभाच्या दिवसांत आकाश चौकटीबाहेर ठेवा

हिवाळ्यात मळभ धरलं की चित्र काढणारे, फोटो काढणारे, टिपणं ठेवणारे सगळेच थंडावतात. बाहेर पडलेच तर नजर सवयीनं लांब जाते, क्षितिजाकडे, झाडांच्या रांगेकडे, आणि नेमकं तिथेच काही हाती लागत नाही. ढगांच्या थरातून येणारा प्रकाश चहूबाजूंनी सारखाच पडतो. त्यामुळे सावल्या पुसल्या जातात आणि दूरचं दृश्य सपाट दिसतं. हातभर अंतरावरच्या गोष्टींना मात्र हाच प्रकाश मानवतो. सालीवरच्या भेगा, ओली पानं, दगडावरचे डाग यांचे रंग कडक उन्हात चकाकीखाली दबून जातात, ते आता दिसू लागतात. म्हणून माझा आग्रह एवढाच: आकाश चौकटीबाहेर ठेवा आणि खाली बघा.

सुरुवात दगडफुलापासून करावी, म्हणजे खोडाला-दगडाला चिकटून वाढणाऱ्या लायकेनपासून; त्यात बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात. कोरडं असताना ते राखेच्या रंगाचं आणि कंटाळवाणं दिसतं. पाणी लागलं की त्याचा वरचा थर पारदर्शक होतो आणि आतल्या शैवालाचा हिरवा रंग बाहेर डोकावतो. हवा कोरडी असेल तर फवाऱ्याची छोटी बाटली खिशात ठेवा. दोन-चार फवारे मारून थोडं थांबलं की पुरे. मॉसचंही तसंच आहे. त्याची पिळवटलेली बारीक पानं पाणी पिऊन बघता बघता उलगडतात. हे पाहायला १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पण ते वस्तूवर धरून लांबून बघू नका. बहुतेकांची चूक इथेच होते आणि मग भिंगालाच दोष दिला जातो. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि वस्तू स्पष्ट दिसेपर्यंत आपण पुढे सरकायचं. सुमारे अडीच सेंटिमीटरवर ती लख्ख दिसते. खरवडून घरी काही आणायचं नाही. कित्येक दगडफुलं वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत.

पानगळ झालेली झाडं म्हणजे रेखाटनाची आयती शाळा. आधी फांद्या कशा फुटतात ते बघा: समोरासमोर जोडीनं, की एक इकडे एक तिकडे? एवढ्यावरून झाडाची ओळख निम्मी सोपी होते. देठ गळून पडल्यावर राहिलेला वण आणि त्यातले ठिपकेही प्रत्येक जातीचे वेगळे असतात. रेखाटनात हमखास बिघडते ती फांदीची जाडी. काढणारा खोडापासून एकाच जाडीची रेघ ओढत नेतो आणि टोकाला एकदम बारीक करतो. झाड तसं वाढत नाही. लिओनार्दो दा विंचीनं नोंदवून ठेवलंय की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाइतकीच भरते. हा ढोबळ नियम आहे, पण कामाचा. एका फांदीच्या दोन सारख्या फांद्या झाल्या तर प्रत्येकीची रुंदी मूळच्या साधारण ७० टक्के ठेवा, निम्मी नको. आणि गुंता फार असेल तर फांद्या न काढता त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांचे आकार काढा. फांद्या आपोआप उमटतात.

आता करड्या रंगाबद्दल, कारण खरी मौज तिथे आहे. काळ्यात पाणी घालून केलेला करडा मेलेला दिसतो. तो वापरूच नये. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढे दोनच रंग घ्या. निळा जास्त झाला की थंड करडा, तपकिरी जास्त झाला की उबदार करडा. जाड कागदाच्या पट्टीवर ३ सेंटिमीटरचे सात चौकोन आखा, एका टोकाला थंड छटा ठेवा, दुसऱ्याला उबदार, चौकोनांना १ ते ७ आकडे द्या आणि प्रत्येक चौकोनात एक भोक पाडा. पट्टी पूर्ण वाळल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नका, कारण जलरंग वाळल्यावर फिका होतो. तिसरा रंग मिसळायचा मोह टाळा. चिखल होण्याचं ते सर्वांत सामान्य कारण.

मग पट्टी समोर धरून भोकातून एकेक वस्तू बघायची: खोड, वाळलेलं गवत, दगड. जो चौकोन भोकातल्या रंगाशी मिळतो त्याचा आकडा लिहून ठेवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस होरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं आकाशाचा निळेपणा मोजायला छटांची अशीच तबकडी केली होती. आपण ती करड्यासाठी वापरतोय, इतकंच. सरसकट राखाडी वाटणाऱ्या दृश्यात जांभळट, हिरवट, तांबूस असे करडे वेगळे पडू लागतात.

हे सगळं उजेड ओसरायच्या आत करा. प्रकाश फार मंदावला की डोळ्याला तांबडे रंग काळपट आणि हिरवे-निळे तुलनेनं उजळ वाटू लागतात, मग रंगांच्या नोंदी चुकतात.

ओलसर थंडीत जलरंग बाहेर वाळतच नाही आणि थंडी कडक असेल तर कागदावरच गोठतो. म्हणून बाहेर फक्त पेन्सिल आणि शब्दांतल्या नोंदी, रंग घरी. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते; २बी पेन्सिल कुठेही चालते. बोटं मोकळी राहणारे हातमोजे आणि बसायला फोमचा तुकडा हवाच, नाहीतर थंडी जमिनीतून वर चढते. एका बैठकीला वीस मिनिटं पुरेत, त्यापुढे रेघ आखडते.

फोटोंसाठी थोडक्यात. चौकटीत पांढरं आकाश आलं की कॅमेरा फसतो आणि जमीन काळवंडते. आकाश घ्यावंच लागलं तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट आत घ्या. ओल्या पानांवरची चमक पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवून घालवता येते, ढगाळ दिवशीसुद्धा. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, म्हणजे पाणी काचेवर न धरता पिशवीच्या बाहेरून धरतं. मेमरी कार्ड काढायचं असेल तर ते बाहेर असतानाच काढून घ्या.